वेगाला मिळणारं बक्षीस आधी बंद करा

प्रति,
रस्त्यांवरची वेगमर्यादा, दंडाची रक्कम, विम्याचा हप्ता आणि गाड्यांचं वेळापत्रक ठरवणारे सर्व संबंधित यांस,

स. न. वि. वि.

वेगमर्यादा पाळणाऱ्या चालकाला काहीतरी बक्षीस द्यावं, अशी सूचना अधूनमधून कुणीतरी करतं. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं उत्तर ठरलेलं असतं: कायदा पाळणं हे कर्तव्यच आहे, त्याबद्दल हारतुरे कसले? ऐकायला पटतं. पण रस्त्यावर बक्षिसं आजही वाटली जातात, रोज आणि रोख. ती फक्त गाडी पळवणाऱ्याला मिळतात.

मी मालवाहू गाड्यांच्या खेपा लावण्याचं काम करतो. कोणती गाडी किती वाजता सुटणार, कुठे कधी पोचणार, परत रिकामी येणार की भरून, हे माझ्या टेबलावर ठरतं. त्यामुळे चालक गाडी का दामटतात याचं उत्तर मला कॅमेऱ्याच्या फोटोपेक्षा ट्रिपशीटवर जास्त स्पष्ट दिसतं. तिच्यावर सुटल्याची वेळ असते, पोचल्याची वेळ असते, डिझेल असतं, किलोमीटर असतात, आणि 'उशीर झाल्यास कारण' असा एक रकाना असतो. 'लवकर पोचल्यास कारण' असा रकाना मी कुठल्याही ट्रिपशीटवर पाहिलेला नाही. वेळेच्या तासभर आधी आलेल्या गाडीला कुणी विचारत नाही की बाबा रे, आलास कसा? उलट पुढची चांगली खेप त्यालाच मिळते, कारण 'तो पोचवतो' असं त्याचं नाव झालेलं असतं. उशिरा आलेल्याचे पैसे कापतात. पगारच खेपेवर असेल तर हिशेब आणखी सरळ: जितक्या खेपा, तितके पैसे. अशा माणसाला तुम्ही रस्त्याकडेच्या पाटीवरून उपदेश करता आणि तो ऐकत नाही म्हणून नवल करता.

उशीर बहुतेक वेळा रस्त्यावर होतच नाही, हेही तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. तो होतो माल चढवण्या-उतरवण्याच्या जागी. गाडी फाटकाबाहेर उभी, आत जागा नाही, कागद सहीला गेलेत, सही करणारे जेवायला गेलेत. थांबण्याचे पैसे नाहीत आणि पुढच्या ठिकाणी पोचायची वेळ मात्र तीच. मग गेलेला वेळ चालक कुठून भरून काढणार? त्याच्या हातात एकच गोष्ट असते आणि ती पायाखाली असते. अमेरिकेच्या परिवहन विभागाच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ मध्ये याचा अंदाज मांडला होता: चढ-उताराच्या जागी गाडी अडकून राहण्याचा सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढला, तर अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे गोदामाच्या फाटकावर सुरू झालेली गोष्ट कुठल्या तरी वळणावर संपते. पंचनाम्यात मात्र गोदामाचं नाव येत नाही, 'अतिवेग' एवढंच लिहिलं जातं.

हा मुद्दा थेट कायद्यात आणण्याचा प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला. मालवाहतुकीचे दर इतके पडलेले नसावेत की चालकाला वेगाने आणि झोप मोडूनच पोट भरावं लागेल, या विचाराने २०१२ मध्ये तिथे एक न्यायाधिकरण नेमलं गेलं. त्याने किमान दर लावले तेव्हा स्वतःची गाडी स्वतः चालवणारे लहान मालकच खवळले. माल देणाऱ्यांना आम्हाला किमान दर मोजावे लागले तर काम मोठ्या कंपन्यांकडे जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. २०१६ मध्ये न्यायाधिकरण गुंडाळलं गेलं. २०२४ मध्ये वेगळ्या कायद्याच्या वाटेने किमान अटी ठरवण्याचा अधिकार पुन्हा एका आयोगाकडे आला. काम सोपं नाही, हे यातून दिसतंच. पण प्रश्न योग्य जागी विचारला गेला होता.

मर्यादेच्या दहा वर गाडी गेली तर असं काय आभाळ कोसळतं, हा प्रश्न चालकही विचारतात आणि खासगीत तुम्हीही विचारता. म्हणून एक हिशेब मांडतो. दोन सारख्या गाड्या बरोबरीने चालल्या आहेत, एक ताशी ५० किलोमीटरने, दुसरी ६० ने. समोर अचानक मूल आलं. दोन्ही चालकांचा पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला. रस्ता कोरडा, ब्रेक चांगले. पहिली गाडी साधारण २८ मीटरवर उभी राहते. नेमक्या त्याच जागी दुसऱ्या गाडीचा वेग अजून ताशी ४० च्या आसपास असतो. पहिलीतला चालक घाम पुसत खाली उतरतो आणि दुसरीने त्या मुलाला ४० च्या वेगाने उडवलेलं असतं. या दहा किलोमीटरच्या बदल्यात दुसऱ्याला मिळालं काय? रस्ता पूर्ण मोकळा आहे असं धरलं तरी दहा किलोमीटरच्या अंतरात दोन मिनिटं. प्रत्यक्षात तीही पुढच्या सिग्नलला जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. हीच संघटना सांगते की रस्त्यावर वर्षाला जगभरात सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण रस्ता हेच आहे.

अडचण अशी की ती दोन मिनिटं चालकाला रोज हातात मिळतात आणि तो धोका त्याच्या वाट्याला बहुधा कधीच येत नाही. वर्षानुवर्षं गाडी पळवून सुखरूप घरी आलेल्या माणसाला अनुभवानेच शिकवलेलं असतं की पळवणं परवडतं. त्याचा अनुभव खोटा नाही, त्याच्यापुरता खराच आहे. म्हणून नुसत्या प्रबोधनावर माझा फारसा विश्वास नाही.

दंडावर आहे, पण अर्धाच. दंड मोठा असण्यापेक्षा तो चुकणार नाही याची खात्री असणं जास्त परिणामकारक, हे जुनंच शहाणपण आहे. आपण नेमकं उलट करतो: पकडायची व्यवस्था तुटपुंजी ठेवतो आणि दंडाची रक्कम वाढवतो. मग कॅमेरा आला की पाय वर, कॅमेरा गेला की पाय खाली. समोरून येणारा अनोळखी चालक हेडलाइट मारून पुढे तपासणी असल्याचं सांगतो, आणि त्या क्षणी दोघांमध्ये जी आपुलकी दिसते ती एरवी रस्त्यावर शोधून सापडत नाही. एका जागच्या कॅमेऱ्याऐवजी दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजला तर हा खेळ बराच थांबतो, म्हणून ती पद्धत मला पसंत आहे. दंड ठेवाच. पण नियमाने चालणाऱ्याचा या व्यवस्थेशी कधी संबंधच येत नाही. त्याच्याकडे बघणारं कुणी नसतं.

स्टॉकहोममध्ये २०१० साली नेमकं हे उलटून पाहिलं गेलं. केव्हिन रिचर्डसन नावाच्या माणसाने सुचवलेली आणि फोक्सवॅगन कंपनीच्या एका स्पर्धेत निवडली गेलेली ती कल्पना होती. कॅमेरा सगळ्याच गाड्या टिपणार, मर्यादेवर गेलेल्यांना दंड, मर्यादेत राहिलेल्यांची नावं सोडतीत, आणि सोडतीचं बक्षीस दंडाच्या पैशातून. त्या रस्त्यावरचा सरासरी वेग ताशी ३२ वरून २५ किलोमीटरवर आला. बातमी जगभर फिरली आणि अजूनही फिरते आहे.

कल्पना मला आवडते, पण तिच्यावर भाळून जाऊ नका. चाचणी काही दिवसांचीच होती, आणि नव्याचे नऊ दिवस हे रस्त्यालाही लागू आहे. दुसरं असं की कॅमेऱ्यासमोरून जाण्याच्या प्रत्येक वेळेला सोडतीचं एक नाव मिळत असेल, तर तुम्ही लोकांना जास्त गाडी चालवायचं बक्षीस देता. बसने जाणाऱ्याला आणि पायी चालणाऱ्याला त्यात काहीच नाही, आणि रस्ता सगळ्यात सुरक्षित ठेवतात ते हेच लोक. सोडत काढायचीच असेल तर महिन्याला एका वाहनामागे एकच नाव घाला, आणि मोठ्या एका बक्षिसाऐवजी छोटी पुष्कळ ठेवा. शेजारच्याला मिळालं, कार्यालयातल्या कुणाला तरी मिळालं, हे ऐकू आलं पाहिजे. लांबच्या एकाला घबाड मिळाल्याची बातमी दोन दिवसांत विरते.

मला जास्त शिकवून गेला तो स्वीडनमध्येच बॉरलेंगे शहरात झालेला दुसरा प्रयोग, ज्याची बातमी कुठेच फिरली नाही. त्यात गाड्यांमध्ये जीपीएसचं यंत्र बसवलं. चालकाला महिन्याला एक रक्कम देऊ केली आणि मर्यादा ओलांडली की त्यातून वजावट सुरू, जितका वेग जास्त तितकी कात्री मोठी. काही चालकांना मात्र वजावट नव्हतीच. पहिल्या महिन्यात फार वेगाने जाणं सगळ्यांचंच कमी झालं. मग हिशेबाचा कागद हातात आला. दुसऱ्या महिन्यात सुधारणा दिसली ती फक्त ज्यांचे पैसे कापले जात होते त्यांच्यात. आणि मुख्य गोष्ट ही की देऊ केलेली रक्कम मोठी होती की लहान, याने काही फरक पडला नाही. कानेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे जसंच्या तसं उतरलेलं दिसतं: मिळणाऱ्या रुपयापेक्षा जाणारा रुपया माणसाला जास्त झोंबतो. तेव्हा बक्षीस वर्षाअखेरीला देऊ नका. आधीच नावावर जमा दाखवा आणि मग जाताना दिसू द्या. तिजोरीतून तेवढीच रक्कम जाईल, पण चालकाच्या पायावर तिचा भार वेगळा पडेल.

याच धर्तीवर डेन्मार्कमध्ये विम्याच्या हप्त्यात ३० टक्के सूट देऊ केली होती. वेग ओलांडला की सूट झिजत जायची. त्यातली खरी अडचण निकालांच्या आधीच पुढे आली. ज्या तरुण चालकांसाठी हा सगळा खटाटोप होता, ते पुरेसे आलेच नाहीत आणि वयाची अट सैल करावी लागली. ऐच्छिक योजनेचं हे कायमचं दुखणं आहे. तिच्यात शिस्तीने चालवणारा आनंदाने येतो, कारण त्याला फुकटात सूट मिळते. ज्याच्यासाठी योजना, तो फिरकत नाही. नेदरलँड्समध्ये कंपनीने दिलेल्या गाड्यांवर अशीच एक चाचणी झाली, त्यात वेग आणि पुढच्या गाडीपासून राखलेलं अंतर दोन्हींना गुण होते. बक्षीस चालू होतं तोवर वागणं लक्षात येण्याइतकं सुधारलं, बंद झालं तसं पूर्वपदावर आलं. याचा अर्थ काहींनी 'बक्षिसाचा उपयोग नाही' असा काढला. मला तो पटत नाही. दंड बंद केला तर दंडाचाही परिणाम टिकत नाही. म्हणून कुणी दंड निरुपयोगी ठरवत नाही.

पैशाचा संबंधच नसलेलं एक बक्षीस मात्र मला सगळ्यांत हुशारीचं वाटतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ब्रोसार या गावी २०२२ मध्ये शाळेजवळ एक सिग्नल बसवला गेला. तो नेहमी लालच असतो. येणारी गाडी मर्यादेत असेल तर हिरवा होतो, नसेल तर लालच राहतो आणि गाडीला थांबावं लागतं. जो दोन मिनिटं वाचवायला निघाला, त्याची तीच जातात, तिथल्या तिथे, पावती नाही, अर्ज नाही, न्यायालय नाही. कुणी यंत्र बसवून घ्यायचं नाही, कुणाची माहिती साठवायची नाही. मागच्या गाडीवाल्यालाही कळतं की आपण कुणामुळे थांबलो आहोत, आणि त्याचा हॉर्न बाकीचं काम करतो. कोपनहेगनच्या एका मोठ्या रस्त्यावर सायकलवाल्यांसाठी सिग्नल असेच लावले आहेत: ताशी २० किलोमीटरने चालत राहिलात तर हिरव्यामागून हिरवा मिळत जातो. मोटारींच्या रस्त्यांवर मर्यादेच्या वेगाला सलग हिरवा मिळेल अशी वेळ लावणं तुमच्या हातात आजही आहे. ती तशी लावली असेल, तर तसं पाटीवर लिहा. ज्याला ठाऊकच नाही ते बक्षीस असून नसल्यासारखं.

परवान्यावरच्या गुणांचं थोडक्यात सांगतो. इटलीत २००३ पासून चालकाला २० गुण असतात, चुकला की कापले जातात, आणि दोन वर्षं निर्दोष गेली की २ वाढतात, कमाल ३० पर्यंत. चांगली पद्धत आहे, फक्त पुण्याचा साठा फार झाला की पापाला उसंत मिळते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२३ मध्ये सुरू केलेली तऱ्हा मला जास्त भावते: बारा महिने एकही गुन्हा नाही, तर खात्यावर आधीच चढलेला एक दोषगुण उतरतो. इथे लाभ नेमका त्याला मिळतो ज्याचा पाय घसरलेला आहे आणि परवाना जाण्याची धास्ती आहे. सुधारायची सगळ्यांत जास्त गरज त्यालाच, आणि सुधारण्याचं कारणही त्याच्याचकडे.

आता विमा कंपन्यांसाठी चार ओळी. दावा न केल्याबद्दल तुम्ही जी सूट देता तिला सुरक्षित चालवण्याचं बक्षीस म्हणू नका. ती दावा न केल्याचीच सूट आहे. नशीबवान भरधाव चालकाला ती पूर्ण मिळते. गाडीतल्या यंत्रावरून किंवा मोबाइलवरून चालवण्याचे गुण काढायची पद्धत त्यापेक्षा प्रामाणिक आहे, पण तिच्यातही खोट आहे. जोरात ब्रेक मारला की गुण जातात. समोर अचानक माणूस आला म्हणून मारला, हे यंत्राला कळत नाही. रात्री गाडी चालवली की गुण जातात. रात्रपाळी करणाऱ्या नर्सने काय करायचं? आणि सूट देताना गोळा केलेली माहिती उद्या हप्ता वाढवायला किंवा दावा नाकारायला वापरली, तर तो आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार होईल. मोजायचं तर वेग मोजा, मर्यादेशी ताडून बघा, निकाल कळवा आणि मागचा सगळा प्रवास पुसून टाका. कुणी कुठे गेलं होतं हे तुम्हाला ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

सुरुवातीच्या आक्षेपाकडे परत येतो, कारण तो पोकळ नाही. कर्तव्याला पैसा चिकटला की कर्तव्य व्यवहार होतं, ही भीती खरी आहे. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांवरचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना तिथे दंड लावला, तर उशीर वाढला. पालकांना वाटू लागलं की आपण पैसे मोजतो, म्हणजे उशिराची सोय विकत घेतली. दंड काढून टाकल्यावरही सवय राहिली. पण नीट पाहा, इथे कर्तव्याची किंमत झाली ती दंडामुळे, बक्षिसामुळे नव्हे. म्हणजे हा आक्षेप जितका माझ्या सूचनेवर आहे तितकाच तुमच्या चालू व्यवस्थेवर आहे. ज्याचा खिसा जड आहे त्याच्यासाठी ठरावीक रकमेचा दंड हा वेगाने जाण्याचा दरच असतो. फिनलंडमध्ये वेगमर्यादा फारच ओलांडली तर दंड उत्पन्नाच्या प्रमाणात बसतो, तो याचसाठी. बक्षीस पैशाऐवजी वेळेच्या, सवलतीच्या, परवान्यावरच्या गुणांच्या रूपात दिलं तर ही भीती बरीच कमी होते, असं माझं मत आहे.

तर मागणं असं आहे. व्यवसायासाठी गाड्या चालवून घेणाऱ्या प्रत्येकाचं वेळापत्रक तपासायचा अधिकार तुमच्याकडे असू द्या, आणि जे वेळापत्रक मर्यादेत राहून पुरं होऊच शकत नाही त्याचा दंड चालकाऐवजी ते लावणाऱ्याला करा. हे लिहिताना मी स्वतःलाही त्यात धरतो आहे. तीनशे किलोमीटरच्या खेपेत सरासरी ताशी ७० ऐवजी ८० गृहीत धरलं तर कागदावर जेमतेम अर्धा तास वाचतो. हा अर्धा तास ग्राहकाकडून मागून घेण्याची हिंमत आम्हाला येत नाही, तुमचा नियम असेल तर येईल. चढ-उताराच्या जागी ठरावीक वेळेपुढे गाडी अडकली, तर थांबण्याचे पैसे माल मागवणाऱ्याने द्यावेत. ट्रिपशीटवर लवकर पोचण्याचं कारण विचारणारा रकाना सक्तीचा करा. काही खर्च नाही त्याला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून चालकाला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे. ती चालक बंद करू शकतो. ती बंद न करणाऱ्या व्यावसायिक चालकाला महिन्याच्या सुरुवातीला भत्ता जमा दाखवा आणि बंद केल्यास तो कमी होताना दिसू द्या.

शाळांजवळ वर सांगितलेला सिग्नल लावून बघा. तो कुठल्या रस्त्यावर लावायचा हे मात्र कागदावर ठरवू नका. जो रस्ता रुंद, सरळ आणि मोकळा बांधलेला आहे, तो चालकाला स्वतःच 'पळव' म्हणत असतो. तिथे आधी रस्ता अरुंद करा, मग सिग्नलचं बघू.

शेवटचं मागणं मोजणीचं आहे. योजना सुरू करण्याआधी वेग मोजा, चालू असताना मोजा, आणि उत्साह ओसरल्यावर, म्हणजे निदान वर्षभराने, पुन्हा मोजा. तसाच एक दुसरा रस्ता योजनेबाहेर ठेवून तिथलाही वेग मोजा, नाहीतर पावसाने किंवा खड्ड्यांनी कमी झालेल्या वेगाचं श्रेय कुणीतरी घेऊन जाईल. सरासरीबरोबर सगळ्यात वेगाने जाणाऱ्या गाड्यांचा आकडा वेगळा छापा, कारण माणसं बहुधा त्यांच्याखाली येतात. योजना फसली तरी हे आकडे प्रसिद्ध करा. आमच्या कचेरीतल्या गाड्यांवर चाचणी घ्यायची असेल तर ट्रिपशीटसकट माहिती देण्याची माझी तयारी आहे. मालकांची परवानगी मी काढतो.

कळावे,

आपला,
मालवाहू गाड्यांच्या खेपा लावणारा एक कर्मचारी